कोपऱ्यातली सही

सौसर
३ ऑगस्ट १९८६

चि. कमल हीस,
सप्रेम जयभीम.

सोबत वर्तमानपत्राचं कात्रण टाचणीनं लावलं आहे. आधी ते वाच, मग हे पत्र. टाचणी परत पाठवायची गरज नाही.

छिंदवाड्याला एका सरकारी खात्यात 'कलाकार' या पदाची एक जागा निघाली आहे. भिंतींवर प्रचाराची वाक्यं लिहायची, पोस्टरं रंगवायची, प्रदर्शन मांडायचं. मी एकतीस वर्षं बाबूगिरी करून राहिलो, पण सरकारात कलाकार भरतात हे मला आज समजलं.

तू बी.ए. झालीस, भाऊजींच्या हाताखाली बोर्ड रंगवतेस, हात चांगला आहे. पण छिंदवाड्यात तुला ओळखतं कोण? सरकारात माणसाची ओळख म्हणजे त्याची फाईल. माणूस चहा प्यायला बाहेर जातो, फाईल टेबलावर राहते. तेव्हा आता तुझी फाईल बांधायची आहे. त्यात आवेदनपत्र, बायोडाटा, पासपोर्ट साइजचे तीन फोटो आणि मुख्य म्हणजे 'स्वहस्ते केलेल्या कामाचे बारा नमुने, राजपत्रित अधिकाऱ्याकडून सत्यापित' एवढं पाहिजे. शेवटची तारीख ३० सप्टेंबर.

राजपत्रित अधिकाऱ्याची काळजी करू नको. आपले जनावरांचे डॉक्टर सुधाकर बोबडे गॅझेटेड आहेत आणि रोज माझ्यासोबत फिरायला येतात. शिक्का त्यांच्या खिशातच असतो. बायोडाटा मी टाइप करून घेतो, तू फक्त माहिती पाठव. पत्रात 'काहून' आणि 'करून राहिली' असं लिहीत जाऊ नको, मुलाखतीत तोंडातून निघतं.

भाऊजींना सांग. चंद्रकलाला म्हणावं, भाऊ मजेत आहे.

तुझा मामा,
तुळशीराम गजभिये


पांढुर्णा
९ ऑगस्ट १९८६

ती. मामांस,
सविनय जयभीम.

'मी एकतीस वर्षं बाबूगिरी करून राहिलो' हे कोणी लिहिलं मामा? पत्र पुन्हा वाचून पाहा. तुमच्या तोंडातून निघालं तर चालते, माझ्या काहून नाही?

कात्रण मी चार वेळा वाचलं. सरळच सांगते, मला ही जागा पाहिजे. खूप पाहिजे. गावातली अर्धी दुकानं मी वाचत जाते तेव्हा माझंच अक्षर मला दिसते, पण कोणी विचारलं की मुलगी काय करते, तर आई म्हणते 'घरीच आहे'. घरीच कुठं आहे मी? गेल्या सोमवारी मी तिगावच्या रस्त्यावर शिडीवर होती.

नमुन्यांची मोठी पंचाईत आहे. माझे नमुने दुकानांवर टांगलेले आहेत. मिठाईवाल्याचा बोर्ड फाईलमध्ये कसा लावू? शेवटी गुणवंताला धरलं. तो फोटो स्टुडिओवाला. त्याच्या मागच्या पडद्यावरचा बगीचा मीच रंगवून दिला होता, त्याला आता कारंजं पाहिजे होतं. मी कारंजं काढून देते, तो बारा बोर्डांचे फोटो काढून देते, असं ठरलं. मिठाईवाला, आटाचक्की, संत्र्याचा अडत्या, खताच्या दुकानावरचं कापसाचं बोंड, सावरगावच्या पुलाजवळच्या चहावाल्याचा वाघ, असे बारा निवडले. सोबत पाठवून राहिली.

माझे पासपोर्ट फोटोही त्यानंच काढले. रीटच करून मला इतकं गोरं केलं की आईनं विचारलं, ही कोण?

बायोडाटात 'छंद' असा रकाना आहे. तिथं काय लिहू? सकाळी उठून टर्पेंटाइननं हात धुणे, हे चालते का?

बाबांना अजून सांगितलं नाही. गुणवंता फोटो काढत फिरला तर त्यांना वाटलं, त्याच्या दुकानासाठी काढून राहिला. सांगीन मी, माझ्या सवडीनं.

तुमची,
कमल


सौसर
१८ ऑगस्ट १९८६

चि. कमल हीस,
सप्रेम जयभीम.

नमुने मिळाले. वाघ पाहून तुझी मामी दोन पावलं मागं सरकली. बायोडाटा टाइप करून सोबत पाठवत आहे, तपासून घे. 'छंद' या रकान्यात मी 'वाचन, बागकाम व समाजसेवा' असं टाकलं आहे. आमच्याकडे आजवर आलेल्या प्रत्येक बायोडाटात हेच तीन छंद होते आणि कोणाचंच आवेदन या कारणानं नामंजूर झालेलं नाही.

आता अडचण. डॉक्टरसाहेबांनी शिक्का मारायला नकार दिला.

त्यांचं म्हणणं असं. शिक्क्यावर 'सत्य प्रतिलिपि' लिहिलेलं आहे. सत्य प्रतिलिपि म्हणजे मूळ प्रत डोळ्यांनी पाहिली आणि नक्कल तिच्याशी ताडून पाहिली. मार्कशीटची नक्कल असली की मूळ मार्कशीट पाहतो. या फोटोची मूळ प्रत म्हणजे आटाचक्की. आटाचक्की मी पाहिलेली नाही.

मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, सगळी दुनिया न पाहता शिक्के मारते. ते म्हणाले, बडे बाबू, दुनियेच्या शिक्क्यावर माझं नाव नाही. या माणसानं एकदा म्हशीच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी अडीच कोस चालत जाऊन म्हैस पाहिली होती. त्यांच्यापुढे माझं काही चालत नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते पटतंही.

म्हणून असं ठरलं की डॉक्टरसाहेब स्वतः पांढुर्ण्याला येऊन बाराही मूळ प्रती पाहतील. आत्ता पोळ्याच्या तोंडावर त्यांच्याकडे बैलांची गर्दी आहे. पोळा आणि तुमची ती दगडफेकीची गोटमार आटोपली की येऊ.

तुझा मामा,
तुळशीराम


पांढुर्णा
२४ ऑगस्ट १९८६

ती. मामांस,
जयभीम.

बागकाम? मामा, आमच्या अंगणात एक कडूनिंब आहे आणि तो कोणी लावला हे कोणालाच माहीत नाही. मुलाखतीत कोणी विचारलं की गुलाबाला पाणी किती द्यावं, तर मी काय सांगू?

पण पत्र त्यासाठी नाही लिहून राहिली. डॉक्टरसाहेबांना आणू नका. इतक्या दूर त्यांना त्रास कशाला? आटाचक्की अर्धा वेळ बंदच असते. खताच्या दुकानापुढे ट्रॅक्टर उभा राहते, बोंड दिसतच नाही. चहावाला वाघ उतरवून ठेवीन म्हणत होता. आणि बसचा रस्ता तर तुम्हाला माहीतच आहे.

सौसरात दुसरा कोणी गॅझेटेड नाही का, थोडं कमी पाहणारा? लोधीखेड्याला असेल तर तिथं पाहा ना.

बाबांना अजून सांगायचं आहे. तेही एक कारण समजा.

तुमची,
कमल


सौसर
२८ ऑगस्ट १९८६
(पोस्टकार्ड)

चि. कमल,

पत्र मिळालं. मुलाखतीच्या आधी सगळ्यांनाच भीती वाटते, मला तर पदोन्नतीच्या वेळी ताप आला होता. ७ सप्टेंबर, रविवार, पहिल्या बसनं डॉक्टरसाहेब व मी येत आहोत. ट्रॅक्टर काढून ठेवायला सांग. डॉक्टरसाहेब साखरेचा चहा घेत नाहीत.

तुळशीराम


सौसर
९ सप्टेंबर १९८६

चि. कमल हीस,

परवाच्या दौऱ्याचं टिपण मी सवयीनं लिहून काढलं. तू सोबत होतीस, तरी वाच, कारण बसमध्ये तू नव्हतीस.

सकाळी सव्वानऊला बसस्टँडवर उतरलो. तू आणि भाऊजी घ्यायला आले होते. 'डॉक्टरसाहेबांना गाव पाहायचं आहे' असं तू भाऊजींना सांगितलंस; तेव्हाच माझ्या मनात आलं की जनावरांचा डॉक्टर पांढुर्ण्यात काय गाव पाहणार. बारा ठिकाणी गेलो, भाऊजीही सोबत. डॉक्टरसाहेबांनी प्रत्येक फोटो बोर्डाशेजारी धरून ताडून पाहिला. अकरा बरोबर निघाले. सावरगावच्या पुलाजवळच्या चहावाल्यानं गोटमारीच्या आधी बोर्ड उतरवलाच नव्हता, त्यामुळे मूळ वाघाच्या कपाळावर खोक आहे आणि फोटोतल्या वाघाला नाही. डॉक्टरसाहेबांनी वहीत 'जखम नंतरची' अशी नोंद केली.

चहा झाला. आम्ही बसमध्ये बसलो.

बस सुटल्यावर डॉक्टरसाहेब म्हणाले, 'बडे बाबू, काम फार सुंदर आहे. बाराच्या बारा सत्यापित करून देतो. फक्त नाव मुलीच्या वडिलांचं, श्रावण सोमकुंवर असं लिहावं लागेल.'

मी म्हटलं, का? तर म्हणाले, 'प्रत्येक बोर्डाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात श्रावण पेंटर अशी सही आहे. बाराच्या बारा. मुलगी शिडी धरत असेल, रंग भरत असेल, मी नाही म्हणत नाही. पण स्वहस्ते म्हणजे ज्याची सही त्याचा हात.'

कमल, मी त्या माणसासमोर तोंड वर करू शकलो नाही. तू मला लिहिलंस की हे माझं काम आहे. मी एकतीस वर्षं फायलींमधून लोकांचं खोटं पकडलं, आणि घरच्या पोरीचं मला दिसलं नाही. भाऊजींचं काम तुझ्या नावावर खपवायचं होतं का? हो किंवा नाही, एवढंच लिही.

तुळशीराम


पांढुर्णा
१२ सप्टेंबर १९८६

ती. मामांस,
जयभीम.

नाही.

एवढंच लिहा म्हटलं होतं, पण आता पूर्णच वाचा.

बाबांचा उजवा हात तीन वर्षांपासून हालते. पहिल्यांदा खताच्या दुकानाच्या बोर्डावर समजलं. बाबांनी सुतळीला खडू लावून सरळ ओळ मारली, ब्रश उचलला, आणि अक्षर त्या ओळीवर बसेच ना. तीनदा पुसलं. मग मला म्हणाले, 'ऊन लागलं वाटते, तू कर आज.' ते आज अजून संपलं नाही. नागपूरच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, त्यानं झोप येते, हात हालायचा हालतेच.

तेव्हापासून अक्षर माझं, रंग माझा, वाघ माझा. बाबा खाली स्टुलावर बसते, डबा धरते, लोकांशी बोलते. लोकांना वाटते, अक्षरं बाबा आखून देते आणि मी नुसता रंग भरते. आमच्या धंद्यात रीतच आहे मामा, उस्ताद आखते, चेला भरते, आणि सही उस्तादाची. त्यात कोणाला काही वाटत नाही.

पण सहीसुद्धा मीच करते. 'श्र'च्या डोक्यावर तो लांब फराटा आहे ना, तोही मी मारते. बाबांच्या हातून आता तो निघत नाही. डॉक्टरसाहेबांनी बारा कोपरे पाहिले, बाराही माझ्याच हातचे आहेत.

गावात काम श्रावण पेंटर या नावावर येते. बावीस वर्षांत बाबांनी ते नाव कमावलं. त्याआधी आमच्या आजोबांना लोक ज्या नावानं हाक मारत ते तुम्हाला माहीत आहे, मी लिहीत नाही. आता मी बोट दाखवून म्हणू, की हे माझं, तेही माझं, तर त्या माणसाजवळ राहते काय? स्टूल आणि डबा?

म्हणून मी सांगितलं नाही, ना त्यांना, ना तुम्हाला. तुमची मान खाली गेली त्याचं मला फार वाईट वाटते. डॉक्टरसाहेबांची माझ्या वतीनं माफी मागा. फाईल परत पाठवा, मी ट्रंकेत ठेवीन. नोकरी पाहिजे होती. रडून घेतलं मी काल, आता ठीक आहे.

तुमची,
कमल


सौसर
१५ सप्टेंबर १९८६

कमल,

फाईल परत पाठवणार नाही. शेवटची तारीख ३० आहे. तारखेच्या आत फाईल बंद करायचा अधिकार माझ्यासारख्या बाबूला नाही.

मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते मागं घेतो. ते पत्र फाडून टाक. मी स्वतःच्या पत्राची नक्कल ठेवतो, तीही मी फाडली.

भाऊजींशी बोल पोरी. मी लिहिलं तर त्यांना दुखेल. तू बोललीस तर दुखेल, पण कमी. माझी बहीण त्या घरात आहे म्हणून नव्हे, त्या माणसाला मी ओळखतो म्हणून सांगतो.

तुझा मामा


पांढुर्णा
२० सप्टेंबर १९८६
(आंतर्देशीय पत्र, पेन्सिलीनं, मोठ्या अक्षरात)

तुळशीराम भाऊले श्रावणचा जयभीम.

अक्षर वाकडं आहे, लावून वाचा.

तुमचे डॉक्टर आले त्या दिवशी मी संगं फिरून पाहून राहिलो होतो. माणूस बोर्ड पाहते तवा त्याचे डोळे मधात राहते. याचे डोळे खाली उजवीकडे जात होते. बाराही जागी. मी पेंटर आहे भाऊ, डोळा कुठं जाते ते मले समजते. घरी आलो तर पोरगी तोंड पाडून बसली. चार दिवसानं तुमचं पत्र आलं, ते वाचून रडली. मी तिले काही विचारलं नाही. ती बाहेर गेली तवा पत्र वाचलं. कोणाचं पत्र वाचू नाही, पण वाचलं.

मग मी कामाले लागलो. पाच दिवस लागले. पोरीले आईसंगं सावरगावच्या मावशीकडे पाठवलं, म्हटलं मावशीचा घोटा दुखते, जा. मावशी चांगली धडधाकट आहे.

बाराही बोर्डाच्या कोपऱ्यातलं माझं नाव मी पुसलं. त्या जागी 'कमल' लिहिलं. हात टेकायची काठी घेतली, तरी अक्षर नाचलं. 'ल'चा पाय तर कुठच्या कुठं गेला. पण वाचता येते. वाघाच्या बोर्डावर शिडी चहावाल्यानं धरली.

आता डॉक्टरले आणा आणि म्हणा, पाहा.

तिले हे दुरुस्त करू देऊ नका. तिची सवय वाईट आहे, माझं वाकडं दिसलं की सरळ करते. तीन साल झाले, करूनच राहिली.

श्रावण


पांढुर्णा
२२ सप्टेंबर १९८६

ती. मामांस,
जयभीम.

बाबांनी तुम्हाला पत्र टाकलं हे मला आज समजलं, म्हणून घाईत लिहून राहिली.

काल मावशीकडून आलो. पुलावरून येताना वाघाच्या बोर्डाकडे नजर गेली. पहिल्यांदा वाटलं, कोण्या पोरानं खोडी केली. मग 'क' ओळखला. आई पुढं निघून गेली, मी तिथंच पुलावर उभी होती.

घरी आली तर बाबा जेवून राहिले होते. मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, 'भाजीत मीठ कमी आहे.' मी रागावली मामा, खूप रागावली. म्हटलं, कोणाला विचारून केलं? तर म्हणते, 'माझं नाव होतं. माझं नाव पुसाले कोणाले विचारू?'

आज सकाळी ब्रश घेऊन मिठाईवाल्याकडे गेली. म्हटलं निदान अक्षर नीट करू, भर बाजारात आहे. त्यानं शिडीच लावू दिली नाही. 'तुझा बाप सांगून गेला, पोरगी आली तर हात लावू देजो नको.' मी म्हटलं, काका, लोक काय म्हणतील, श्रावण पेंटरचा हात गेला. तर तो कढईतून डोकं वर न काढता म्हणाला, 'बाई, ते आमाले तीन सालापासून माहीत आहे. श्रावणभाऊचा वाघ कधी इतका चांगला नव्हता.'

मला वाटत होतं मी लपवून राहिली. बाबांना वाटत होतं ते लपवून राहिले. आणि सारं गाव आम्हा दोघांसाठी लपवून राहिलं होतं.

गुणवंतानं नवीन फोटो काढले, यावेळी कारंजं वगैरे काही मागितलं नाही. वाघाच्या कपाळाची खोकही आली त्यात. सोबत पाठवते. आवेदनपत्रावर सही करून तेही पाठवते. डॉक्टरसाहेब येतील का पुन्हा?

तुमची,
कमल


सौसर
२६ सप्टेंबर १९८६

चि. कमल हीस,
सप्रेम जयभीम.

डॉक्टरसाहेब व मी काल पांढुर्ण्याला येऊन गेलो. तुला कळवलं नाही, कारण तू बोर्डांच्या आसपास नसावंस अशी त्यांची इच्छा होती. बाराही मूळ प्रती पाहिल्या. वाघाच्या बोर्डाखाली चहा घेतला. मी त्यांना भाऊजींचं पत्र दाखवलं होतं. त्यांनी ते वाचून घडी करून परत दिलं आणि बाराही फोटोंवर तिथंच, चहाच्या टेबलावर, शिक्का मारून सही केली. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, यावर तुमचं समाधान आहे ना? ते म्हणाले, 'इतकी खरी सही मी नोकरीत पाहिली नाही.' मग बराच वेळ नाक पुसत होते. सर्दी आहे म्हणाले.

आता एक त्रुटी. तुझ्या आवेदनपत्रावरची सही छापल्यासारखी सुबक आहे. नमुन्यांवरची सही वाकडी आहे. फाईल तपासणारा बाबू दोन्ही शेजारी ठेवणार आणि म्हणणार, ही कमल वेगळी, ती कमल वेगळी. मी असतो तर हेच म्हटलं असतं. सोबत कोरं आवेदनपत्र पाठवत आहे. बोर्डावर जशी सही आहे तशीच करून उलट टपाली पाठव. वेळ नाही.

तुझा मामा,
तुळशीराम


पांढुर्णा
२८ सप्टेंबर १९८६

ती. मामांस,

आवेदनपत्र गजानन कंडक्टरच्या हातात देऊन राहिली, टपालाचा भरवसा नाही. आज रविवार, उद्या तुम्ही स्वतः छिंदवाड्याला नेऊन द्या.

सही केली आहे. दोन वह्या खराब झाल्या. सरळ हातानं वाकडं काढणं फार कठीण आहे हो. जाणून हालवला तर हात खोटा हालते. शेवटी बाबांना म्हटलं, तुम्ही लिहा, मी पाहते. ते लिहीत गेले, मी पाहत गेली, पाटीवर, जुन्या वर्तमानपत्रावर. लहानपणी 'क' शिकवला होता तसंच. तेव्हा मी वाकडा काढत होती आणि ते सरळ करत होते.

घाईत,
कमल


छिंदवाडा
११ जानेवारी १९८७

ती. मामांस,
सविनय जयभीम.

नोकरीवर हजर होऊन आठ दिवस झाले. खोली मिळाली आहे, घरमालकीण बरी आहे, फक्त प्रश्न फार विचारते.

मुलाखतीचं तुम्हाला सांगायचंच राहिलं होतं. तिघं साहेब होते. बागकामाबद्दल एकानं विचारलं. मी म्हटलं, कडूनिंब आहे. तो म्हणाला, उत्तम, पुढं? मग मधल्या साहेबांनी फोटो पाहिले, वाघावर थांबले आणि म्हणाले, 'तुमचं सगळं अक्षर इतकं सुंदर, मग सहीच अशी काहून?' काहून म्हणाले मामा, साहेब असून! मी म्हटलं, सही वडिलांकडून शिकली. ते म्हणाले, 'वडील काय करतात?' माझ्या तोंडून निघालं, 'पेंटर आहेत.' होते नाही म्हटलं, आहेत म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं.

हजर झाली त्या दिवशी इथल्या बडे बाबूंनी सेवापुस्तक उघडलं आणि म्हणाले, नमुना सही करा, फाईलशी जुळली पाहिजे. मी केली. त्यांनी भिंगातून पाहिली, जुळली म्हणाले. आता पगारावर हीच, रजेच्या अर्जावर हीच, अठ्ठावन्न वर्षांची होईपर्यंत हीच सही. बदलायची असेल तर वरून मंजुरी लागते म्हणे. मी म्हटलं, बदलायची नाही.

परवाच्या रविवारी घरी गेली होती. बाबा आता मिठाईवाल्याच्या दुकानी बसते, आणि बोर्डाकडे कोणी पाहिलं की त्याला कोपरा दाखवते. मी त्यांना सेवापुस्तकातल्यासारखी सही कागदावर करून दाखवली. म्हटलं, पाहा, तुमच्यासारखी आली की नाही?

त्यांनी कागद उजेडात धरला. हातात कागद लटलट हालत होता. बराच वेळ पाहिलं आणि माझ्याकडे परत देत म्हणाले, 'चांगली आहे. पण इतका नाही हालत बाप्पा माझा हात.'

तुमची,
कमल